बफेलोजचं कपाट उघडा : किंतेत्सुच्या संचालक मंडळाला खुलं पत्र

माननीय संचालक मंडळ,
किंतेत्सु समूह, उएहोम्माची, ओसाका यांस

सप्रेम नमस्कार.

मी मूळची पुण्याची. जपानी तिथेच शिकले आणि भाषांतराच्या कामामुळे आता बरीच वर्षं ओसाकाजवळच्या फुजिइदेराला राहते. सकाळी तुमच्या मिनामी-ओसाका मार्गाच्या गाडीनं आबेनोबाशीला जाते, संध्याकाळी त्याच मार्गानं परत येते. तुमच्या गाड्या, तुमचं डिपार्टमेंट स्टोअर, 300 मीटर उंचीची तुमची आबेनो हारुकास इमारत, सगळं माझ्या रोजच्या वाटेवर आहे. तुमच्या मालकीची एकच गोष्ट मला कधी पाहायला मिळाली नाही, कारण मी इथे पोचण्याआधीच ती संपली होती. तुमचा बेसबॉल संघ, किंतेत्सु बफेलोज.

त्या संघाचा एकही सामना मी पाहिलेला नाही. तरी आज त्याच्याबद्दल तुम्हाला लिहायला बसले, याला दोन माणसं कारण आहेत.

पहिली माझ्या शेजारच्या आजी. लग्न होऊन त्या फुजिइदेराला आल्या आणि स्टेडियमजवळच्या गल्लीत नवऱ्याबरोबर त्यांनी उदोनचं छोटं दुकान चालवलं. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात तिकिटांची अर्धुकं आहेत, नवऱ्याची लाल-पांढरी-निळी टोपी आहे, आणि हरलेल्या सामन्याच्या रात्री दुकानात येऊन गप्प बसणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहून ठेवलेल्या ओळी आहेत. पहिल्यांदा मी तो डबा पाहिला तेव्हा त्यातलं मला काहीच कळलं नव्हतं. आता बरंचसं कळतं.

दुसरं माणूस म्हणजे माझे वडील. ते मुंबईत एका कंपनीत फिटर होते, पण कंपनीनं त्यांना घेतलं होतं कबड्डीसाठी. डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे. दुपारी यंत्रावरून सुटका व्हायची, मग सराव, आणि हंगामात राज्यभर स्पर्धा. पुढे कंपनीनं खर्च कमी करायचं ठरवलं आणि संघ बंद झाला. नोकरी राहिली, त्याबद्दल आमच्या घरात कुणाची तक्रार नव्हती. ढाली आणि करंडक गोदामात गेले, मग ते गोदामही विकलं गेलं. निवृत्तीनंतर वडिलांना एकच गोष्ट हवी होती, एका अंतिम सामन्यानंतर काढलेला संघाचा फोटो. मी दोनदा त्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या माणसांनी नीट ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की असं काही आता आमच्याकडे नाही. वडिलांच्या 11 वर्षांच्या खेळाचा आमच्या घरात एकच पुरावा उरला आहे, त्यांचा पूर्ण न वाकणारा उजवा गुडघा.

म्हणून आजींचा डबा पाहिला की मला त्या कचेरीतली खुर्ची आठवते, आणि म्हणून हे पत्र.

तुम्हाला तुमचाच इतिहास सांगणं कदाचित उद्धटपणाचं वाटेल. पण हे पत्र मराठीतही छापते आहे, आणि माझ्या वाचकांना किंतेत्सु म्हणजे काय हेच माहीत नसणार. तेव्हा थोडं त्यांच्यासाठी.

जपानमध्ये खासगी रेल्वे कंपन्यांनी बेसबॉल संघ पाळले याला साधं कारण होतं. रुळांवरून माणसं न्यायची तर माणसांना कुठेतरी जावंसं वाटलं पाहिजे. म्हणून एका टोकाला दुकानं, दुसऱ्या टोकाला घरं, आणि मध्ये कुठेतरी मैदान. ओसाकाच्या परिसरात हांक्यू, हान्शिन, नांकाई आणि किंतेत्सु अशा चार रेल्वे कंपन्यांचे चार व्यावसायिक संघ होते. शिवाय 1954 साली जपानच्या राष्ट्रीय कर विभागानं एक परिपत्रक काढलं. संघाचा तोटा मालक कंपनीनं भरून काढला तर ती रक्कम जाहिरातीचा खर्च म्हणून दाखवता येईल, असं त्यात होतं. एवढ्या एका कागदानं पुढच्या पन्नास वर्षांची घडी बसवली. संघानं स्वतःच्या पायावर उभं राहायची निकड उरली नाही. पोशाखावर कंपनीचं नाव असलं की झालं. ज्या दिवशी त्या नावाची जाहिरात कंपनीला महाग वाटेल, त्या दिवशी संघाचं काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही. वडिलांच्या संघाबद्दलही कुणी विचारला नव्हता.

तुमचा संघ 1949 च्या शेवटी जन्मला आणि 1950 पासून जपानच्या दोन व्यावसायिक लीगपैकी पॅसिफिक लीगमध्ये खेळू लागला. पहिलं नाव होतं पर्ल्स, कारण तुमचे रूळ इसे-शिमाला जातात आणि तो मोत्यांचा किनारा. पहिल्याच वर्षी संघ तळाला. 1959 मध्ये चिबा शिगेरु व्यवस्थापक म्हणून आले. खेळाडू असताना त्यांना पिसाळलेला बैल म्हणत, म्हणून त्यांच्या मानाखातर संघ बफेलो झाला आणि काही वर्षांनी बफेलोज. बैलाच्या शिंगांचं चिन्ह काढून दिलं ओकामोतो तारो यांनी, ज्यांचा सूर्याचा मनोरा पुढे 1970 च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात उभा राहिला. जपानच्या सर्वांत मोठ्या कलावंतांपैकी एकानं तुमच्या टोपीवर शिंगं रेखली आणि त्या टोप्या घालून संघ हरत राहिला. 1961 साली 140 सामन्यांत 103 पराभव. हा आकडा जपानी व्यावसायिक बेसबॉलमध्ये आजवर कुणी गाठलेला नाही.

या संघाची आठवण ठेवणाऱ्यांना या हरण्याची लाज वाटत नाही, हे मला आजींकडून समजलं. त्या म्हणतात, हरणाऱ्या संघाची माणसं उदोन सावकाश खातात.

मग सुझुकी केइशी आले. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, 1966 ते 1985 अशी 20 वर्षं फक्त तुमच्याकडे, आणि 317 विजय. मराठी वाचकांसाठी सांगते, जपानच्या बेसबॉलमध्ये 200 विजय हेच अमरपदाचं दार मानतात. तळाच्या संघात राहून या माणसानं ते कधीच ओलांडलं. 1974 मध्ये निशिमोतो युकिओ व्यवस्थापक झाले. ते मुठीनं शिकवायचे आणि मनापासून प्रेम करायचे, असं त्यांचे खेळाडू सांगतात. तीन वेगवेगळ्या संघांना त्यांनी मिळून आठ वेळा लीगचं अजिंक्यपद मिळवून दिलं, पण देशाचं अजिंक्यपद ठरवणारी जपान सिरीज एकदाही त्यांच्या हाती लागली नाही. त्या आठांतली दोन तुमची, 1979 आणि 1980.

1979 च्या जपान सिरीजचा सातवा सामना 4 नोव्हेंबरला ओसाका स्टेडियमवर झाला. ते मैदान नांकाईचं. घरातलं लग्न शेजाऱ्याच्या अंगणात करावं तसं. हिरोशिमाकडे 4-3 अशी आघाडी, शेवटचा नववा डाव, तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर, तुमचे खेळाडू, एकही बाद नाही, आणि समोर हिरोशिमाचा पिचर एनात्सु युताका. सासाकी क्योसुके स्ट्राइक आऊट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. नंतर इशिवाता स्क्वीझसाठी, म्हणजे चेंडू हळूच ढकलून धाव मिळवून देण्यासाठी, वाकले, एनात्सुनं धावणारा खेळाडू पाहून हातातला चेंडू आयत्या वेळी दूर टाकला, बॅट हवेतच फिरली आणि धाव पुरी होते त्या होमकडे निघालेला तुमचा फुजिसे मध्येच सापडला. मग इशिवाताही स्ट्राइक आऊट. जपानभर या डावाला ‘एनात्सुचे 21 चेंडू’ म्हणतात. तुमच्या संघाचा सर्वांत प्रसिद्ध डाव प्रतिस्पर्ध्याच्या नावानं ओळखला जातो. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. जिंकणाऱ्याची गोष्ट जग सांगतं. हरणाऱ्याची गोष्ट त्याच्या घरच्यांनी जपावी लागते, आणि या संघाचं घर तुम्ही होतात.

त्याच हंगामातला चार्ली मॅन्युएल मला फार आवडतो. जूनमध्ये चेंडू लागून जबडा मोडला, तर तोंडावर जाळी बसवलेलं हेल्मेट घालून हा अमेरिकन परत उतरला आणि चेंडू थेट प्रेक्षकांत धाडणारे 37 होमरन मारून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे 2008 मध्ये व्यवस्थापक म्हणून त्यानं फिलाडेल्फियाला वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. आजी त्याला अजून ‘चारी’ म्हणतात.

फुजिइदेरा स्टेडियम 1928 चं. त्याला रात्रीचे दिवे मिळाले ते मात्र थेट 1984 साली, कारण आसपासच्या रहिवाशांचा विरोध होता. तोवर संध्याकाळचे सामने ओसाका शहरातल्या निस्सेइ स्टेडियमवर व्हायचे. एकदा मी सहज हे बोलले, तर आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, विरोधाच्या कागदावर माझाही सहीचा शिक्का होता, मुलं लहान होती, आधीच गोंगाटानं झोपत नव्हती. दिवे लागल्यावर पहिल्या रात्री दुकानाच्या वरच्या खिडकीतून त्यांनी आभाळ पांढरं झालेलं पाहिलं आणि मुलांना उठवून दाखवलं. हे कुठल्या धावफलकात लिहिलेलं सापडेल?

आता 19 ऑक्टोबर 1988. हा दिवस मी जरा सविस्तर सांगणार आहे.

त्या वर्षी व्यवस्थापक म्हणून ओगी आकिरा यांचा पहिलाच हंगाम होता. जूनमध्ये चुनिची संघाकडून आणलेल्या राल्फ ब्रायंटनं 74 सामन्यांत 34 होमरन मारले होते. अजिंक्यपदाच्या शर्यतीतल्या सेइबु संघाचे सगळे सामने संपलेले आणि तुमचे फक्त दोन उरलेले, दोन्ही एकाच दिवशी, कावासाकीला, तळाच्या लोत्ते संघाविरुद्ध. दोन्ही जिंकले तर अजिंक्यपद. एक जरी बरोबरीत सुटला तर काही नाही. एरवी तुरळक माणसं असणारं ते जुनं मैदान त्या दिवशी इतकं भरलं की आत जाता न आलेले लोक शेजारच्या इमारतींवर चढले.

पहिल्या सामन्याला जादा डावांची सोय नव्हती. नवव्या डावात 3-3, दोन बाद. नाशिदा मासाताका आले. हा त्यांचा खेळाडू म्हणून शेवटचा हंगाम, तसं ते जाहीर झालेलं. त्यांचा फटका मधोमध पडला, सुझुकी ताकाहिसा दुसऱ्या बेसवरून धावत आले आणि होमवर घसरत पोचले. 4-3.

दुसरा सामना दिवे लागल्यावर. आठव्या डावात ब्रायंटच्या होमरननं तुमची 4-3 आघाडी. त्याच डावात लोत्तेच्या ताकाझावानं तुमच्या पिचर आवानोला होमरन मारून 4-4. चार तास उलटल्यावर नवा डाव सुरू करायचा नाही, असा नियम होता. त्यात नवव्या डावात लोत्तेच्या व्यवस्थापकांनी पंचांशी वाद घातला आणि नऊ मिनिटं गेली. दहाव्या डावात तुमची फलंदाजी डबल प्लेवर, म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद होऊन, संपली आणि घड्याळानं सांगितलं की अकरावा डाव होणार नाही. म्हणजे अजिंक्यपद त्या क्षणी गेलं. पण डावाचा दुसरा अर्धा भाग बाकी होता. तुमच्या नऊ खेळाडूंना परत मैदानात जाऊन उभं राहावं लागलं, जो जिंकता येणार नाही तो सामना न हरण्यासाठी. रात्री 10 वाजून 56 मिनिटांनी तो संपला. विजयांच्या प्रमाणात सेइबु .589, किंतेत्सु .587.

मराठीत मी खेळांबद्दल खूप वाचलं आहे, पण त्या दहाव्या डावाच्या दुसऱ्या अर्ध्यासारखं दृश्य मला दुसरीकडे सापडलेलं नाही. त्या रात्री देशभरातल्या लोकांनी बातम्यांच्या वेळात हा सामना थेट पाहिला. आणि त्याच दिवशी दुपारी हांक्यूनं आपला ब्रेव्हज संघ ओरिएंट लीज कंपनीला (पुढे तिचंच नाव ओरिक्स झालं) विकल्याचं जाहीर झालं होतं. नांकाईचा हॉक्स त्याआधीच दाइएइ कंपनीकडे आणि फुकुओकाला जायचं ठरलेलं. एका शरद ऋतूत ओसाकाच्या चार रेल्वे संघांपैकी दोन गेले. त्या वेळी तुम्ही तुमचा संघ ठेवलात. हे मी विसरलेले नाही, आणि तुमच्याकडे मागायला यायचं धाडस त्यामुळेच होतं. पुढच्याच वर्षी तुम्ही .001 च्या फरकानं लीग जिंकलीत.

नोमो हिदेओ 1990 ला तुमच्याकडेच आला. पहिल्या हंगामात 18 विजय आणि 287 स्ट्राइक आऊट, पाच वर्षांत 78 विजय, आणि मग व्यवस्थापनाशी बिनसून 1995 ला थेट लॉस एंजेलिस डॉजर्स. आज अमेरिकेत गाजणाऱ्या प्रत्येक जपानी खेळाडूची वाट त्यानं मोकळी केली. त्या बिनसण्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं आहे, मी त्यात पडत नाही.

2001 चं अजिंक्यपद मात्र आनंदाचं. आदल्या वर्षी तळाला असलेला संघ, लीगमधली सर्वांत खराब गोलंदाजी, आणि तरीही पहिला. टफी रोड्सचे 55 होमरन, तेव्हाच्या विक्रमाच्या बरोबरीचे. नाकामुरा नोरिहिरोचे 46. या फलंदाजीला लोक ‘इतेमाए’ म्हणत. ओसाकाच्या बोलीतला शब्द, आपल्याकडच्या ‘हाणा रे!’च्या जवळचा. 26 सप्टेंबरला ओसाका डोममध्ये शेवटच्या डावात 5-2 अशी पिछाडी, तिन्ही बेस भरलेले, बदली फलंदाज कितागावा हिरोतोशी आला आणि त्यानं चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. एका फटक्यात चार धावा, 6-5, सामनाही खिशात आणि लीगही. व्यवस्थापक होते नाशिदा, तेच, 1988 चे. समोरचा संघ होता ओरिक्स.

तीनच वर्षांनी तुम्ही त्याच ओरिक्सशी विलीनीकरण करत असल्याची बातमी आली. 13 जून 2004.

तुमची बाजू मी समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. वर्षाला सुमारे 400 कोटी येनचा तोटा होत होता. सेंट्रल लीगच्या संघांना टोक्योच्या जायंट्सविरुद्धच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचा पैसा मिळायचा, तुमच्या लीगला तो नव्हता. डोमचं भाडं जड होतं. त्या वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही संघाच्या नावाचे हक्क विकून पाहणार होतात, ते इतर मालकांनी होऊ दिलं नाही. रेल्वे कंपनीची पहिली जबाबदारी रूळ आणि प्रवासी यांची, हे मी तुमची रोजची प्रवासी म्हणून मान्य करते. संघ बंद केल्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही.

पण ज्या रीतीनं तो बंद झाला, ती रीत चुकीची होती. संघ विकत घ्यायला एक कंपनी जाहीरपणे पुढे आली, तिच्याशी बोलणीही झाली नाहीत. खेळाडूंना बातमी वर्तमानपत्रांतून कळली. त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष फुरुता आत्सुया यांनी मालकांना भेटायची इच्छा दाखवली, तर जायंट्सच्या तेव्हाच्या मालकांनी ‘नुसते खेळाडूच’ अशा अर्थाचे शब्द वापरले आणि सगळा देश चिडला. 18 आणि 19 सप्टेंबरला जपानच्या व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातला पहिला संप झाला. सामने नव्हते, तर खेळाडू चाहत्यांना भेटून सह्या देत होते. त्या संपामुळे 2005 साठी नवा संघ घ्यायचं ठरलं, राकुतेन आलं, दोन लीग टिकल्या आणि दोन्ही लीगमधले संघ नेमानं एकमेकांशी खेळू लागले. आज जपानी बेसबॉलची जी भरभराट आहे तिच्या पायाखाली तुमचा संघ आहे. इतरांचं सगळं वाचलं, गेला तो एकटा बफेलोज.

24 सप्टेंबरला ओसाका डोममधला शेवटचा सामना. त्याआधी नाशिदांनी खेळाडूंना सांगितलं की छाती पुढे काढून खेळा, आज तुमच्या पाठीवर आहेत ते सगळे क्रमांक किंतेत्सुचे कायमचे राखीव क्रमांक आहेत. बेसबॉलमध्ये थोर खेळाडूच्या मानार्थ त्याचा क्रमांक पुन्हा कुणाला देत नाहीत. तुमच्याकडे तो मान फक्त सुझुकी केइशींच्या 1 क्रमांकाला होता. नाशिदांनी तो एका वाक्यात सगळ्यांना दिला. त्या रात्री संघ जादा डावांत 3-2 असा जिंकला.

हंगाम संपल्यावर खेळाडू वाटले गेले. काही ओरिक्सला, काही सेंदाईच्या राकुतेनला. इवाकुमा हिसाशीनं ओरिक्सला जायला नकार दिला. ज्यांनी दोन्ही संघांना वेगवेगळ्या काळात घडवलं होतं ते ओगी आकिरा जोडलेल्या संघाचे पहिले व्यवस्थापक झाले, आणि एकच हंगाम करून 2005 च्या डिसेंबरात वारले. तुमच्या संघातून आलेला, त्या दोन लीगमध्ये उरलेला शेवटचा खेळाडू साकागुची तोमोताका 2022 ला निवृत्त झाला. आता त्या दोन्ही लीगमध्ये तुमचा कुणी खेळत नाही.

आणि इथे तुमची अडचण हॉक्स आणि ब्रेव्हज यांच्यापेक्षा वेगळी आहे. नांकाईचा इतिहास विकला गेला, पण पुढे चालू राहिला. फुकुओकाचा संघ त्याला आपला म्हणतो. हांक्यूचा इतिहास ओरिक्सच्या खात्यात आहे. तुमच्या संघाचं नाव ओरिक्सनं घेतलं, ‘बफेलोज’, पण वंश घेतला तो हांक्यूचा. 2021 ला ओरिक्सनं लीग जिंकली तेव्हा सगळीकडे लिहिलं गेलं ‘25 वर्षांनी’. म्हणजे मोजणी 1996 पासून. 2001 चा कितागावाचा फटका त्या मोजणीत नाही, कारण तो त्यांच्याविरुद्धच मारलेला होता. अधूनमधून ते आपल्या खेळाडूंना तुमच्या जुन्या पोशाखात उतरवतात, त्याबद्दल मला खरंच कृतज्ञता वाटते. पण पोशाख घालणं म्हणजे श्राद्ध घालणं नव्हे. 55 हंगाम, चार लीग अजिंक्यपदं, आणि वारस कोणी नाही. ज्या माणसाला वारस नसतो त्याचं करायचं कर्तव्य त्याच्या घराकडेच परत येतं.

तुमच्या शेजारच्या नांकाई कंपनीकडे पाहा. ओसाका स्टेडियम पाडून तिथे 2003 मध्ये नाम्बा पार्क्स उभं राहिलं. पण जिथे होमप्लेट होती तिथे फरशीत खूण ठेवली आणि वरच्या मजल्यावर हॉक्सचं स्मृतिदालन केलं. मी तिथे बऱ्याचदा गेले आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथे नोमुरा कात्सुया नव्हते. युद्धानंतरचा पहिला तिहेरी मुकुट (सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या धावा, तिन्हींत पहिला) जिंकणारा फलंदाज, कारकिर्दीत 657 होमरन, आठ वर्षं खेळाडू आणि व्यवस्थापक दोन्ही, आणि त्यांच्याच संघाच्या दालनात त्यांचं नाव नाही. 1977 ला ते कटुतेनं बाहेर पडले होते. ते 2020 च्या फेब्रुवारीत वारले. त्यांच्या हाताखाली खेळलेले पिचर एमोतो ताकेनोरी पुढे झाले, लोकांनी वर्गणी दिली, आणि 2021 च्या फेब्रुवारीत नोमुरा आपल्या घरी परतले. नांकाईनं ते होऊ दिलं हा त्यांचा मोठेपणा. पण कंपनीनं एकटीनं इतिहास सांभाळला तर त्यात केवढं भगदाड पडू शकतं, आणि लोकांना आत घेतलं तर ते कसं बुजतं, हे दोन्ही तिथे एकाच भिंतीवर दिसतं.

फुजिइदेराच्या मैदानाच्या जागी आता शाळा आहे, राहत्या घरांची इमारत आहे, एक छोटं स्मारक आहे. मी दुसरं स्मारक मागत नाही. दगड मला नकोत.

मला हवे आहेत कागद. संघाच्या कचेरीचा पत्रव्यवहार, मैदानाचे नकाशे, सामन्यांच्या दिवसांच्या जादा गाड्यांची वेळापत्रकं, फोटो, निगेटिव्ह, चाहत्यांची पत्रं. जे असेल ते ओसाकातल्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा विद्यापीठात ठेवा, जिथे कुणीही नाव नोंदवून बसून पाहू शकेल. 2004 च्या उन्हाळ्यातले निर्णयाचे कागदही त्यात असू द्या, अगदी तुमच्या बाजूचे. तेव्हा तुमच्या सभागृहात कुणाची झोप उडाली नसेल असं मला वाटत नाही, आणि ते कळलं तर तुमच्याबद्दलचा राग कमी होईल, वाढणार नाही.

आणि माणसांचं बोलणं टिपून ठेवा. खेळाडूंच्या मुलाखती वर्तमानपत्रं घेतात. मी म्हणते ते फुजिइदेरा स्थानकावर तिकिटं कापणारे, मैदानावर पाणी मारणारे, ढोल वाजवणारे, दिव्यांच्या विरोधात शिक्के मारणारे. यासाठी लागणारा पैसा तुमच्यासारख्या समूहाला जड नाही, पण वेळ मात्र फार थोडा उरला आहे. जपानीतून ऐकून लिहून काढायचं काम मला येतं, रोजचं पोट त्यावरच आहे. या कामासाठी माझे शनिवार मी मोबदल्याशिवाय देईन.

वडिलांना मागच्या आठवड्यात फोनवर हे सगळं सांगत होते. त्यांना बेसबॉल कळत नाही. कावासाकीच्या त्या दहाव्या डावाचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, ‘मग ते खेळाडू परत मैदानात गेले?’ मी हो म्हटलं. ‘उभे राहिले शेवटपर्यंत?’ हो. मग ते म्हणाले, त्यांचा तेव्हाचा फोटो असेल तर मला पाठव.

या पत्राची जपानी प्रत तुमच्या उएहोम्माचीच्या कार्यालयात टपालानं पाठवली आहे, सोबत माझा पत्ता आहे. आजींना मी डबा कुणाला दाखवणार का असं विचारलं. त्या म्हणाल्या, कंपनीचा माणूस येणार असेल तर टोपी आधी धुऊन ठेवते. बुधवारी सकाळी त्या घरी असतात.

आपली,
फुजिइदेराची एक प्रवासी